कोबीचं सूप, सोन्याचं तिकीट आणि बाबांची गेलेली नोकरी: मुलांच्या विनोदी जादूकथा घरातल्या अडचणींबद्दल काय सांगतात?

हसवणाऱ्या गोष्टींमध्ये बेकारी, भूक, पोरकेपण आणि मोडलेली घरं का असतात? मुलांना ती कळतात का? आणि पालकांनी अशी पुस्तकं वाचायला द्यावीत का?

एका लहानशा लाकडी घरात सात माणसं राहतात. पलंग एकच आणि त्यावर चार म्हातारी माणसं, म्हणजे आजी-आजोबांच्या दोन जोड्या. बाबा टूथपेस्टच्या कारखान्यात ट्यूबवर झाकणं फिरवून बसवतात. कितीही भराभर झाकणं बसवली तरी महिना निघत नाही. सकाळी पाव, दुपारी उकडलेले बटाटे आणि कोबी, रात्री कोबीचं सूप. मग एक दिवस टूथपेस्टचा कारखानाच बंद पडतो.

ही बातमी नाही. जगभरातल्या मुलांना हसवणाऱ्या एका पुस्तकाची सुरुवात आहे. रोआल्ड डाल यांचं 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' १९६४ मध्ये आलं. चॉकलेटची नदी, फुगून जांभळी होणारी मुलगी, तिरसट विली वोंका हे सगळं आपल्याला आठवतं. चार्लीच्या वडिलांची नोकरी गेली होती, हे मात्र बहुतेक जण विसरून जातात.

मी विसरले नाही, त्याला कारण आहे. हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर, दुसऱ्या वर्षाला. घरात खायला पुरत नाही म्हटल्यावर चार्ली काय करतो, हे डाल यांनी सांगितलंय. तो शाळेला दहा मिनिटं लवकर निघतो. धावावं लागू नये, हळूहळू चालत जाता यावं आणि ताकद वाचावी म्हणून. मधल्या सुट्टीत बाकीची मुलं बर्फात खेळत असताना तो वर्गात बसून राहतो. आईने स्वतःच्या वाटणीचा पाव त्याच्या ताटलीत सरकवला, तर तो परत घ्यायला लावतो.

त्या पानावर मी थांबले. मी सातवीत आणि धाकटा भाऊ चौथीत असताना बाबांची कंपनी बंद पडली होती. आम्हाला सांगितलं होतं, मशीनच्या कामासाठी सुट्टी आहे. ती सुट्टी आठ महिने चालली. दुधाच्या पिशव्या दोनाच्या एक झाल्या, तरी घरात कोणी काही बोललं नाही. दिवाळीच्या आवराआवरीत भावाच्या दप्तराच्या तळाशी शाळेच्या सहलीची चिठ्ठी सापडली. चुरगळलेली, दोन महिन्यांपूर्वीची. पैसे भरायची तारीख उलटून गेली होती. त्याने ती आईला दाखवलीच नव्हती.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. आपल्याला माहीत आहे हे तो मोठ्यांपासून लपवत होता आणि मोठे त्याच्यापासून. या लेखात ज्या पुस्तकांबद्दल बोलायचंय, ती याच मुलांसाठी लिहिलेली आहेत.

ही पुस्तकं नेमकी कोणती?

मुलांच्या साहित्यात दुःखाची पुस्तकं वेगळी आणि गमतीची वेगळी, असं आपण साधारण धरून चालतो. पण या दोन्हींच्या मध्ये एक मोठा प्रकार आहे. त्यात जादू असते, अशक्य गोष्टी घडतात, पानोपानी हसू येतं आणि खाली जमिनीवर घरातली खरी अडचण असते. पैसा नसणं, आईवडील नसणं, असूनही लक्ष न देणं, एकमेकांपासून वेगळं होणं.

उदाहरणादाखल चार पुस्तकं घेऊ. पहिलं अर्थात चार्लीचं. दुसरं स्वीडिश लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांचं 'पिप्पी लाँगस्टॉकिंग' (१९४५). नऊ वर्षांची पिप्पी एका मोठ्या घरात एकटी राहते. सोबतीला एक माकड आणि एक घोडा. ती तो घोडा दोन हातांनी उचलू शकते. आई ती तान्ही असतानाच गेली आणि वडील समुद्रात वाहून गेलेत.

तिसरं पुन्हा डाल यांचंच 'माटिल्डा' (१९८८). बुद्धिमान मुलगी आणि तिला खिसगणतीतही न धरणारे आईवडील. वडील सेकंडहँड गाड्यांचे डीलर. गाडी कमी चाललीय असं दाखवायला ते ड्रिल मशीन लावून मीटर उलटं फिरवतात आणि गिअरबॉक्सचा आवाज दबावा म्हणून त्यात लाकडाचा भुसा भरतात. (केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमध्ये ही चलाखी खरंच चालायची, हे मेकॅनिकलवाले सांगतील.)

चौथं पुस्तक आपल्या जवळचं आहे. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांचं 'हरून अँड द सी ऑफ स्टोरीज' (१९९०). रशीद खलिफा हा गोष्टी सांगून पोट भरणारा माणूस. त्याची बायको सोराया वरच्या मजल्यावरच्या सेनगुप्ता नावाच्या कारकुनाबरोबर निघून जाते. त्यानंतर रशीदला गोष्टच सुचत नाही. मग त्यांचा मुलगा हरून बाबांच्या गोष्टी परत मिळवायला निघतो.

विनोद कशावर उभा असतो?

या पुस्तकांमधला विनोद दुःखाच्या मधेमधे विरंगुळा म्हणून पेरलेला नसतो. तो अडचणीतूनच निघालेला असतो.

पिप्पीचंच बघा. रात्री झोपायला कोण सांगतं, असं तिला विचारलं जातं. ती म्हणते, मीच सांगते. आधी प्रेमाने, ऐकलं नाही तर जरा दरडावून, तरीही ऐकलं नाही तर मग फटक्यांची धमकी. मूल खळखळून हसतं. पण हा विनोद होतो कशामुळे? 'झोप आता' म्हणणारं माणूसच त्या घरात नाही, म्हणून.

दुसरा प्रसंग. बाकीच्या मुलांना नाताळची सुट्टी मिळते आणि आपल्याला नाही, हा अन्याय आहे असं पिप्पीला वाटतं. म्हणून ती शाळेत जाते. शिकायला नाही, सुट्टी मिळावी म्हणून. वरवर हे तर्कट आहे. पण चारचौघांना जे आपोआप मिळतं ते मिळवायला या मुलीला किती लांबून फिरून यावं लागतं, हेही त्यात आहे.

हरूनच्या पुस्तकात गंमत सरकारी कार्यालयाच्या धाटणीची आहे. रशीदला गोष्टी सुचतात, कारण त्याने 'गोष्टींच्या पाण्याचं' कनेक्शन घेतलेलं असतं. बायको गेल्यावर ते बंद करायचा अर्ज जातो आणि नळ काढायला एक पाणी-जिन्न येतो. हरून त्याची अवजारं पळवतो आणि बंद करण्याचा अर्जच बंद करून घ्यायला थेट मुख्य कार्यालय गाठतो. ज्यांनी कधी नळाचं किंवा विजेचं कनेक्शन तोडायला आलेला माणूस दारात पाहिलाय, त्यांना हा विनोद जरा जास्त समजेल.

जादू कुठे चालते आणि कुठे चालत नाही?

इथे या प्रकारच्या लेखनाचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. चांगल्या पुस्तकात जादूला मर्यादा असते आणि ती मर्यादा बहुतेक वेळा खऱ्या दुखण्याच्या दारात येऊन थांबते.

पिप्पी घोडा उचलते, तिला अनाथालयात न्यायला आलेल्या दोन पोलिसांना छपरावर पळवते, तिच्याकडे सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी आहे. पण आई परत आणणं तिला जमत नाही. वडील दुसऱ्या पुस्तकात खरोखर परत येतात, तरी पिप्पी राहते त्याच घरात, एकटी. तिसऱ्या पुस्तकाच्या (१९४८) शेवटी शेजारची टॉमी आणि अनिका ही भावंडं आपल्या घराच्या खिडकीतून बघतात, तर पिप्पी टेबलाशी एकटीच मेणबत्तीकडे बघत बसलेली असते. जगातली सगळ्यात ताकदवान मुलगी आणि समोर एक मेणबत्ती. मग ती मेणबत्ती विझवते.

माटिल्डा नजरेच्या जोरावर वस्तू हलवते, फळ्यावर खडू चालवते आणि क्रूर मुख्याध्यापिकेला पळवून लावते. पण आपल्या आईवडिलांना आपल्यावर प्रेम करायला लावणं तिला साधत नाही. पुस्तक तसा प्रयत्नही करत नाही. शेवटी ते देश सोडून पळतात तेव्हा मागे वळूनही पाहत नाहीत. माटिल्डा शिक्षिकेकडे राहते. त्याआधीच, वरच्या वर्गात घातल्यावर आणि डोक्याला पुरेसं काम मिळाल्यावर, तिची जादू निघून गेलेली असते.

हरूनची गोष्ट आणखी नेमकी आहे. आई अकरा वाजता गेली, म्हणून बाबांनी घरातली सगळी घड्याळं फोडली. तेव्हापासून हरूनचं लक्ष कशातही अकरा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. जादूच्या जगात त्याला इच्छा पुरी करणारं पाणी मिळतं. अट एकच, इच्छेवर मन एकाग्र करायचं. तो बाबांच्या गोष्टी परत मागतो. अकराव्या मिनिटाला आईचा चेहरा समोर येतो आणि इच्छा फसते. जादू हातात आहे, पण मनातली जखम ती वापरू देत नाही. घरातल्या भांडणानंतर वर्गात लक्ष न लागणाऱ्या मुलाचं याहून अचूक वर्णन मी वाचलेलं नाही.

चार्लीच्या बाबतीत तर जादू उशिराच येते. ३० प्रकरणांच्या या पुस्तकात चॉकलेटच्या कारखान्यात पाऊल पडेपर्यंत जवळपास निम्मं पुस्तक संपतं. तोवर फक्त थंडी आणि भूक. सोन्याचं तिकीट मिळतं तेही त्याने ते शोधलं म्हणून नाही. बर्फात सापडलेल्या पैशांतून तो चॉकलेट घेतो, कारण त्याला भूक लागलेली असते. उरलेले पैसे आईला द्यायचं त्याने ठरवलेलं असतं. पहिलं चॉकलेट अधाशासारखं संपतं, आणखी एक घ्यावंसं वाटतं, आणि त्यात तिकीट निघतं.

लिहिणाऱ्यांच्या घरात काय घडत होतं?

या पुस्तकांचे लेखक दुःखाकडे दुरून बघत नव्हते.

डाल तीन वर्षांचे असताना, १९२० मध्ये, त्यांची सात वर्षांची बहीण अपेंडिक्सच्या आजाराने गेली आणि काही आठवड्यांतच वडील न्यूमोनियाने गेले. पुढे डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चार महिन्यांच्या मुलाची, थिओची, बाबागाडी टॅक्सीखाली आली. डोक्याला मार लागून मेंदूत पाणी साचू लागलं. ते काढायला बसवलेली नळी पुन्हा पुन्हा तुंबायची.

तेव्हा डाल यांनी हायड्रॉलिक इंजिनीअर स्टॅन्ली वेड आणि न्यूरोसर्जन केनेथ टिल यांना एकत्र आणलं. वेड खेळण्यातल्या विमानांच्या इंजिनांसाठी बारीक पंप बनवायचे. तिघांनी मिळून न तुंबणारा व्हॉल्व्ह तयार केला. १९६२ पासून तो 'वेड-डाल-टिल व्हॉल्व्ह' या नावाने वापरात आला. तोवर थिओ बरा होत आला होता, त्याला तो लागलाच नाही. पण इतर अनेक मुलांना लागला. त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, डाल यांची सात वर्षांची मुलगी ऑलिव्हिया गोवरातून झालेल्या मेंदूज्वराने गेली. 'चार्ली' याच वर्षांत घडत होतं. ते थिओला अर्पण केलेलं आहे आणि १९८२ मधलं 'द बीएफजी' ऑलिव्हियाला.

लिंडग्रेन यांनी पिप्पी पहिल्यांदा सांगितली ती १९४१ मध्ये, आजारी मुलीच्या, कारिनच्या, उशाशी बसून. 'पिप्पी' हे नावही कारिननेच सुचवलेलं. १९४४ मध्ये बर्फावरून घसरून पाय मुरगळला आणि अंथरुणात पडल्या पडल्या लिंडग्रेननी ती लिहून काढली. पण त्याआधीचीही एक गोष्ट आहे. १९२६ मध्ये, लग्नाआधी, लिंडग्रेन यांना मुलगा झाला होता. स्वीडनमधल्या लहान गावात तेव्हा हे झेपणारं नव्हतं. बाळंतपणासाठी त्या डेन्मार्कला गेल्या आणि मुलगा लार्स पहिली तीनेक वर्षं कोपनहेगनमधल्या एका कुटुंबात वाढला. आईपासून लांब असलेलं मूल त्यांना माहीत होतं. अशा मुलाची आई असणंही माहीत होतं.

रश्दींवर फेब्रुवारी १९८९ मध्ये इराणमधून मृत्यूचा फतवा निघाला. ते पोलिसांच्या पहाऱ्यात लपून राहत होते, मुलगा झफर त्यांच्यापासून वेगळा राहत होता. मुलाला वाचता येईल असं पुस्तक लिहायचा शब्द त्यांनी दिला होता. त्यातून 'हरून' आलं. गोष्टी हरवलेला बाप आणि त्या परत आणायला निघालेला मुलगा कुठून आले, हे वेगळं सांगायला नको.

मुलं हसतात, म्हणजे त्यांना दुःख कळत नाही का?

उलट आहे. रशियन बालसाहित्यिक कोर्नेई चुकोव्स्की यांनी 'दोन ते पाच' या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात लहान मुलांच्या उलट्या-सुलट्या गमतींचा अभ्यास मांडलाय. त्यांची मुलगी दोन वर्षांचीही नव्हती, तेव्हा एक दिवस डोळे मिचकावत येऊन म्हणाली की कुत्रा म्याँव करतो. आणि हसायला लागली. चुकोव्स्कींना त्यातून दिसलं ते असं: कुत्रा भुंकतो हे पक्कं माहीत झाल्याशिवाय मुलाला या वाक्यात गंमत वाटूच शकत नाही. अशक्य गोष्टीवर हसणारं मूल खरं काय आहे ते आधीच शिकलेलं असतं.

हे सगळ्यांना पटलं होतं असं नाही. १९२० च्या दशकात सोव्हिएत शिक्षणक्षेत्रात परीकथांविरुद्ध जोरदार मोहीम होती. १९२८ मध्ये लेनिन यांच्या पत्नी क्रुप्स्काया यांनी 'प्रावदा'त चुकोव्स्कींच्या 'मगर' या बालकवितेवर कडक टीका केली होती. मुलांना वास्तव शिकवा, जादू नको, हा त्या मोहिमेचा सूर. आज 'मुलांना उपयोगाचं वाचू दे' म्हणणारे पालक नकळत त्याच बाजूला उभे असतात.

अमेरिकी अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये एक कल्पना मांडली, ती आता जगभर वापरली जाते. मुलाचं पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी आणि कधी सरकतं काचेचं दार. आरशात मूल स्वतःला बघतं, खिडकीतून दुसऱ्याचं घर बघतं आणि दार सरकवून त्या घरात जाऊन येतं. चार्लीचं कोबीचं सूप तंगीतल्या मुलाला आरसा आहे, भरल्या घरातल्या मुलाला खिडकी. जादूमुळे आणखी एक सोय होते. अडचणीतल्या मुलाला 'हे माझ्याबद्दल आहे' असं कबूल करावं लागत नाही. ते सरळ म्हणू शकतं, ही तर चॉकलेटच्या कारखान्याची गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट ही पुस्तकं पकडतात, ती म्हणजे मुलाला वाटणारा दोष. गोष्टी खऱ्या नसतात तर त्यांचा उपयोग काय, असं हरून चिडून बाबांना विचारतो. त्यानंतर बाबांची वाचा बसते आणि हरूनला वाटतं की हे आपल्यामुळेच झालं. घरात काही मोडलं की आपणच काहीतरी केलं असणार, हा हिशेब बरीच मुलं गुपचूप मांडतात. त्यांना कोणी खरं कारण सांगितलेलं नसतं, म्हणून ते स्वतःच एक कारण तयार करतात.

आक्षेप काय आहेत?

आक्षेप आहेत आणि ते बाजूला सारण्यासारखे नाहीत.

पहिला: 'चार्ली'मध्ये गरिबी सुटते ती लॉटरीने. गरीब मूल गुणी आणि गप्प असलं, तर एक दिवस श्रीमंत माणूस येऊन कारखाना देतो, असा त्याचा अर्थ निघू शकतो. खोडकर, रागीट गरीब मुलाने काय करायचं?

दुसरा: विली वोंकाच्या कारखान्याचा हिशेब. हेरांनी पाककृती चोरल्या म्हणून त्याने सगळ्या कामगारांना काढून टाकलं आणि दूरदेशाहून आणलेल्या उम्पा-लुम्पांना कोकोच्या बियांवर राबवलं. चार्लीच्या गावातली बेकारी आणि तो जादूचा कारखाना यांचा संबंध पुस्तक जोडत नाही. मूळ आवृत्तीत उम्पा-लुम्पा हे आफ्रिकेतून आणलेले काळे ठेंगू लोक होते. टीका झाल्यावर १९७३ च्या आवृत्तीत ते वर्णन बदललं गेलं. पिप्पीच्या वडिलांबद्दलचा वर्णवाचक उल्लेखही अलीकडच्या स्वीडिश आवृत्तीत बदललाय. २०२३ मध्ये डाल यांच्या पुस्तकांतले 'जाडा' वगैरे शब्द बदलल्यावरून ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला आणि प्रकाशकांनी जुन्या आवृत्त्याही चालू ठेवल्या.

गंमत म्हणजे, २००५ च्या चित्रपटाने पहिल्या आक्षेपाला थोडं उत्तर दिलं. त्यात चार्लीच्या वडिलांची जागा एक यंत्र घेतं आणि शेवटी त्यांना तेच यंत्र दुरुस्त करायची नोकरी मिळते. ज्यांच्या घरी ऑटोमेशनची चर्चा जेवताना झालीय, त्यांना हा बदल जादूइतकाच मोठा वाटेल.

तिसरा आक्षेप: दुःखाची थट्टा होते. इथे एक साधी कसोटी लावता येते. हसू कोणाच्या अंगावर येतंय? पिप्पीत ते नियम मिरवणाऱ्या मोठ्यांवर येतं, माटिल्डात लबाड बापावर. भुकेल्या चार्लीवर एकदाही येत नाही. जिथे विनोद अडचणीतल्या मुलाच्या अंगावर पडतो, ते पुस्तक बाजूला ठेवावं.

मराठीत असं काही आहे का?

मराठीत घरातल्या हलाखीचं सगळ्यात मोठं पुस्तक म्हणजे साने गुरुजींची 'श्यामची आई', १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. तिथे गरिबी डोळ्यांतल्या पाण्यातून दिसते. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' पोरका आहे आणि खट्याळही. म्हणजे हसू आणि अडचण एकत्र आहेत, फक्त जादू नाही.

पण तिन्ही एकत्र बघायचं तर पुस्तकांच्याही मागे जावं लागतं. भोपळ्यात बसून टुणूक टुणूक जाणारी म्हातारी आठवा. वाघोबा खायला येतो तेव्हा ती काय सांगते? आत्ता मी हाडकुळी आहे, लेकीकडे जाते, तूप-रोटी खाऊन जाडजूड होते, मग मला खा. आपण पिढ्यान् पिढ्या यावर हसतोय. पण ही म्हातारी एकटी आहे, तिच्या घरात धड खायला नाही आणि पोटभर जेवण्यासाठी तिला जंगल ओलांडून लेकीच्या दारी जावं लागतं. चिमणीच्या मेणाच्या घराची गोष्टही तशीच. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं आणि तो शेजारणीचं दार ठोठावत भिजत उभा राहतो. आत बाळाची आंघोळ, तीट-काजळ चाललेलं. बेघर होणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांनी जेवणाच्या घासाबरोबर आधी या गोष्टीतून ऐकलंय.

त्यामुळे हा प्रकार आपल्याला परका नाही. आजच्या घरांमधल्या अडचणी, म्हणजे थकलेला हप्ता, कंत्राट न वाढणं, आई-बाबांची वेगळी घरं, शेतावरचं कर्ज, भोपळ्यात बसवून सांगणारी पुस्तकं मात्र मराठीत आणखी हवीत.

पालकांनी काय करावं?

वयाचा अंदाज घ्यायचा तर पिप्पी सहा-सात वर्षांपासून वाचून दाखवता येते, चार्ली आणि माटिल्डा आठच्या पुढे, हरून दहाच्या पुढे. इंग्रजी जड जात असेल तर रोज एक प्रकरण आपल्याच शब्दांत मराठीतून सांगा. लोककथा अशाच टिकल्या.

वाचून झालं की 'यातून काय शिकलास?' हे विचारू नका. मूल हसलं तर हसू द्या, मधेच गप्प झालं तर होऊ द्या. आणि 'आपल्याकडचे पैसे पण संपतील का?' असा प्रश्न आलाच, तर 'काही नाही, झोप' हे उत्तर नको. आकडे सांगायची गरज नसते. पण काय झालंय, त्यात मुलाचा काही दोष नाही आणि मोठी माणसं काय करतायत, एवढ्या तीन गोष्टी चौथीतल्या मुलालाही पेलतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. पुस्तक म्हणजे उपचार नाही. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, घरात मारहाण होत असेल, तर माणसांचीच मदत लागते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते आणि तिथे मूल स्वतःही फोन करू शकतं.

हरूनच्या शेवटी आई परत येते, घड्याळं पुन्हा चालू लागतात. पण त्याआधी रश्दी एक मिश्कील खुलासा करून ठेवतात. सुखाचे शेवट निसर्गात फार कमी सापडतात, ते कारखान्यात बनवावे लागतात. लेखक मुलाला फसवत नाही. मी तुझ्यासाठी हा शेवट बनवलाय, असं सांगूनच तो त्याच्या हातात देतो.

हा लेख लिहिताना मी भावाला फोन केला. आता तो नोकरीला आहे, घराच्या हप्त्यात निम्मा वाटा त्याचा असतो. सहलीची ती चिठ्ठी आठवते का, असं विचारलं. तो हसला.

"अगं, मला जायचंच नव्हतं सहलीला," म्हणाला.

चौथीतही त्याने आईला हेच सांगितलं होतं.